चित्र त्याचं की त्यांचं? – न्यूयॉर्कमधलं फ्रान्चेस्को क्लेमेन्तेचं प्रदर्शन

ऋतुजा_एडिसन | १५ नोव्हेंबर २०१४

मंडळी, काल शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर मॅनहॅटनमधल्या रुबिन म्युझियमला जाऊन आले. हिमालयाच्या परिसरातल्या कलेचं म्युझियम आहे ते, तिबेटी थांका (कापडावरची गुंडाळता येणारी धार्मिक चित्रं), नेपाळी मूर्ती असं सगळं. तिथे सध्या फ्रान्चेस्को क्लेमेन्ते या इटालियन चित्रकाराचं 'इन्स्पायर्ड बाय इंडिया' नावाचं प्रदर्शन लागलंय, ५ सप्टेंबरला सुरू झालं, २ फेब्रुवारीपर्यंत आहे. गेल्या तीसेक वर्षांतली चित्रं आणि चार नवी शिल्पं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. क्लेमेन्ते १९५२चा, नेपल्सचा. १९७३ मध्ये पहिल्यांदा भारतात आला आणि मग येतच राहिला, मद्रासला बायको-मुलांसकट बिऱ्हाड केलं, अड्यारच्या थिऑसॉफिकल सोसायटीच्या लायब्ररीत वाचत बसायचा. १९८१ला न्यूयॉर्कला आला पण मद्रास सुटलं नाही.

आता मुद्दा. त्याची मद्रासमधली १९८०च्या सुमाराची मोठी चित्रं आहेत ना, ती एका कागदावर नाहीत. पाँडिचेरीच्या हातकागदाचे ताव सुती कापडाच्या पट्ट्यांनी एकमेकांना जोडलेत आणि त्यावर गुआश, म्हणजे अपारदर्शक जलरंग. मी नाक लावून बघत होते (गार्डने मागे व्हायला सांगितलं). कागदाची कड कापलेली नाही, नैसर्गिक, थोडी फुगीर, आणि दोन तावांच्या मधे कापडाची पट्टी, रंग त्या पट्टीवरूनही गेलाय पण तिथे तो वेगळा शोषला गेलाय, जरा फिका. चित्र घडी घालून नेता येतं अशी ती रचना. मला चित्रापेक्षा तो जोड जास्त वेळ धरून राहिला. कुणी जोडले असतील हे ताव? मद्रासच्या साइनबोर्ड रंगवणाऱ्यांबरोबर, जयपूरच्या लघुचित्रकारांबरोबर त्याने काम केलंय, आणि हे तो लपवत नाही, उलट मोकळेपणाने सांगतो. पण आपल्यापर्यंत नाव पोचतं ते एकाच माणसाचं, बाकीचे 'स्थानिक कारागीर'.

मला हे खटकतं. माझं म्हणणं सरळ आहे, ज्याचा हात लागला त्याचं नाव चित्राखाली लागलंच पाहिजे. तुम्हाला काय वाटतं?

नवखा | १५ नोव्हेंबर २०१४

तिकीट किती आहे ताई? आणि लहान मुलांना नेण्यासारखं आहे का?

ऋतुजा_एडिसन | १५ नोव्हेंबर २०१४

शुक्रवारी संध्याकाळी ६ ते १० प्रवेश फुकट. मुलांचं म्हणाल तर क्लेमेन्तेच्या चित्रांत नग्नता बरीच असते, आधी एकदा स्वतः बघून या आणि ठरवा. खालच्या-वरच्या मजल्यांवरच्या मूर्ती मात्र मुलांना फार आवडतील, आणि मधला गोल जिना तर नक्कीच. ती इमारत आधी बार्नीज नावाचं बड्या कपड्यांचं दुकान होती, जिना तेव्हाचाच.

पंत | १६ नोव्हेंबर २०१४

ऋतुजाताई, लेख छान पण मुद्दा पटला नाही. घराचा नकाशा ज्याने काढला त्याचं नाव लागतं, गवंड्याचं लागत नाही. कल्पना कुणाची, रचना कुणाची, कुठला रंग कुठे हा निर्णय कुणाचा? क्लेमेन्तेचा. बाकीच्यांना मजुरी मिळाली. युरोपात तर हे रेनेसाँपासून चालत आलंय, सतराव्या शतकातला मोठा चित्रकार रुबेन्स, त्याच्या कारखान्यात कपडे एक जण रंगवायचा, निसर्ग दुसरा, सही रुबेन्सची. चित्रकार म्हणजे फक्त हात नव्हे हो.

गिरगाव७२ | १६ नोव्हेंबर २०१४

पंत, गवंड्याचा दाखला इथे लागू पडत नाही असं मला वाटतं आणि का ते सांगतो.

माझे सख्खे काका सिनेमाचे बॅनर रंगवायचे. लालबागला एका मोठ्या शेडमध्ये काम चालायचं. प्रोड्यूसरकडून फोटो यायचे, पोस्टकार्डाएवढे. फोटोवर पेन्सिलने चौकटी मारायच्या, तेवढ्याच चौकटी वीस फुटी कापडावर खडूच्या दोरीने मारायच्या, आणि चौकट बघून चौकट भरत जायचं. कापडाला आधी खळ आणि पांढरा हात. रंग म्हणजे पुडीतली पावडर आणि अळशीचं तेल, तिथेच घोटायचं. पोरं मागची आभाळं आणि कपडे भरायची, अक्षरं काढणारा वेगळा, आणि चेहरे फक्त उस्तादाने करायचे. काका चेहरे करायचे. आता ऐका, फोटो काळा-पांढरा असायचा. हिरोच्या गालावर निळी सावली टाकायची आणि कपाळावर लालसर पिवळा उजेड, हे फोटोत कुठेच नसायचं, ते काकांच्या डोक्यातलं. लांबून, बसमधून जाताना दिसलं पाहिजे म्हणून नाकाच्या बाजूची रेघ हिरवी. जवळून बघितलं तर भूत, रस्त्यापलीकडून बघितलं तर जिवंत माणूस. हा निर्णय कुणाचा? प्रोड्यूसरचा नव्हता.

बॅनरवर खाली नाव यायचं ते कंपनीचं. पिक्चर उतरला की कापड पालटून पुन्हा खळ मारून पुढच्या पिक्चरला. काकांचं एकही काम आज शिल्लक नाही. मद्रासच्या बोर्डवाल्यांच्या हातातही हेच कौशल्य होतं आणि क्लेमेन्ते त्यांच्याकडे गेला तो मजुरीसाठी नव्हे, ते जे करत होते ते त्याला येत नव्हतं म्हणून. हुसेनसाहेबांनीही मुंबईत सिनेमाची होर्डिंगं रंगवूनच सुरुवात केली, त्यांचा ब्रश बघा, ते वळण तिथलंच आहे.

ऋतुजा_एडिसन | १६ नोव्हेंबर २०१४

अण्णा, यावर वेगळा धागा काढा ना प्लीज. काकांच्या कामावर, त्या शेडवर, सगळ्यावर.

कोकणी_मुंगूस | १६ नोव्हेंबर २०१४

+१. नाकाची हिरवी रेघ वाचून उठून आरशात बघून आलो.

वैद्य_रिचमंड | १७ नोव्हेंबर २०१४

मी व्हर्जिनियात राहतो. इथल्या रिचमंडच्या व्हर्जिनिया म्युझियम ऑफ फाइन आर्ट्सकडे क्लेमेन्तेची जयपूरची मालिका आहे, 'फ्रान्चेस्को क्लेमेन्ते पिंक्सिट' (लॅटिनमध्ये 'क्लेमेन्तेने रंगवलं'), १९८०-८१ची, एकूण २४ चित्रं. कागदावरची नाजूक कामं असल्याने कायम भिंतीवर नसतात.

बघितलीत तर दोन माणसांचं भांडण आणि मैत्री दोन्ही एका कागदावर दिसेल. पाण्याची लाट, झाडाची पालवी, नक्षीची चौकट हे शुद्ध राजस्थानी कलम, एका केसाच्या ब्रशने काढावं तसं. आणि त्यात मधेच क्लेमेन्तेची ती विचित्र माणसं, अवयव सुटे झालेली, उघडीनागडी, स्वप्नात असतात तशी. कुठली रेघ कुणाची हे सांगता येत नाही, तरी दोन वेगवेगळी डोकी तिथे आहेत हे लगेच कळतं. आणि मालिकेच्या शीर्षकात मात्र एकाच डोक्याचं नाव. म्हणून मी ऋतुजाताईंच्या बाजूने.

पंत | १७ नोव्हेंबर २०१४

गिरगाव७२, तुमच्या काकांबद्दल वाचून भारावलो, खरंच. पण एक विचारतो. लघुचित्रांची आपली परंपराच मुळात अनामिक नाही का? कलाकाराने नाव न लावणं हा तिथे संस्कार होता. मग आज आपण पाश्चात्त्यांचा सहीचा आग्रह त्यांच्यावर लादतोय असं नाही होत?

मेघदूत | १७ नोव्हेंबर २०१४

पंत, हा फार पसरलेला गैरसमज आहे आणि त्याचं उत्तर लंडनला व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे. त्यांच्याकडे अकबरनाम्याची चित्रं आहेत, ११६, साधारण १५९०-९५ची. हवाई नावाच्या मस्तवाल हत्तीवर बसून अकबर यमुनेवरचा होड्यांचा पूल तुडवत दुसऱ्या हत्तीचा पाठलाग करतोय ते चित्र तुम्ही पुस्तकात नक्की पाहिलं असेल, होड्या बुडतायत, माणसं पाण्यात उड्या मारतायत. त्याची रचना बसावनची आणि रंगकाम चेतरचं. हे आपल्याला कसं कळतं? कारण दरबाराच्या ग्रंथालयातल्या कारकुनाने चित्राखाली समासात लाल शाईने नावं लिहून ठेवली. रचना कुणाची, रंग कुणाचे, काही चित्रांत चेहरे तिसऱ्याचेच, तर त्याचंही नाव. बादशहाचा कारखाना, पगारी माणसं, तरी नोंद आहे.

म्हणजे सव्वाचारशे वर्षांपूर्वी कारकून जे करत होता तेवढंच आपण आज मागतोय. हे पश्चिमेचं लादणं नाही, आपल्याच दफ्तराची पद्धत आहे.

पंत | १८ नोव्हेंबर २०१४

लाल शाईचं मला माहीत नव्हतं. ही माहिती जबरदस्त आहे. विचार करतो.

सुईदोरा | १८ नोव्हेंबर २०१४

क्लेमेन्तेबद्दल बोलताना त्याच्या थोरल्या मित्राला विसरून चालणार नाही, इटालियन कलाकार आलिगिएरो बोएत्ती. दोघे १९७४ मध्ये अफगाणिस्तानात बरोबर फिरलेत. बोएत्ती काबूलमध्ये वन हॉटेल चालवायचा आणि १९७१ पासून अफगाण बायकांकडून जगाचे नकाशे भरून घ्यायचा, प्रत्येक देशावर त्या त्या देशाच्या झेंड्याचं भरतकाम. रशियन फौजा घुसल्यावर काम पेशावरला निर्वासित बायकांकडे गेलं.

तर त्यातला एक नकाशा आला तो गुलाबी समुद्राचा! समुद्र निळा असतो हे त्या डोंगरातल्या बायकांना कुणी सांगितलं नव्हतं आणि गुलाबी दोरा भरपूर होता. बोएत्तीला ते इतकं आवडलं की पुढे समुद्राचा रंग त्याने त्यांच्यावरच सोडला. २०१२ला न्यूयॉर्कच्या मोमामध्ये (म्युझियम ऑफ मॉडर्न आर्ट) त्याचं मोठं प्रदर्शन होतं तेव्हा मी हे नकाशे बघितलेत. मी स्वतः कपड्यांच्या धंद्यात आहे, भरतकाम करून घेते, त्यामुळे मी आधी टाका बघते. एकाच समुद्रात टाक्याची दिशा बदलत जाते, एका पट्ट्यात ताण जास्त, दुसऱ्यात सैल, म्हणजे तिथे बाई बदलली. पाच-सहा बाया एका कापडावर बसलेल्या डोळ्यांसमोर येतात. त्यांच्यापैकी एकीचंही नाव मला सांगता येणार नाही याचं वाईट वाटतं.

पण धंद्यातली म्हणून दुसरी बाजूही सांगते. ते काम नसतं तर युद्धात त्या घरांची चूल कशी पेटली असती? नाव हवंच, पण काम देणाऱ्याला एकदम आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करू नका.

खडूफळा | १९ नोव्हेंबर २०१४

मला वेगळंच खटकतं. १९७३ म्हणजे हिप्पी लाट. किती तरी जण आले, चिलीम ओढली, ओम काढला आणि परत जाऊन त्याचा पैसा केला. हाही त्यातलाच नाही कशावरून?

वैद्य_रिचमंड | १९ नोव्हेंबर २०१४

खडूफळा, वर्षानुवर्षं मद्रासच्या उकाड्यात संसार थाटून राहणारा माणूस त्यातला नसतो. आणि त्याने देवळं आणि साधूच रंगवले असंही नाही, तो गेला रस्त्यावरच्या पाट्या, सिनेमाचे बॅनर, धार्मिक पुस्तिका विकणाऱ्यांकडे, म्हणजे तेव्हाच्या चालू, जिवंत भारताकडे. आपल्याकडचे आर्ट स्कूलवाले ज्याला बाजारू म्हणून नाक मुरडत होते ते त्याला दिसलं.

आणि हनुमान बुक्स! १९८६ मध्ये क्लेमेन्ते आणि रेमंड फॉय यांनी मिळून काढलेली प्रकाशनसंस्था. ऑफिस न्यूयॉर्कच्या चेल्सी हॉटेलात आणि छपाई मद्रासला, कलाक्षेत्रच्या छापखान्यात. आपल्या हनुमान चालीसाची खिशात मावणारी पुस्तिका असते ना, त्याच आकाराची पुस्तकं, आत अमेरिकन कवी आणि चित्रकारांचं लेखन. माझ्याकडे एक आहे, जुन्या पुस्तकांच्या दुकानात मिळालेलं. खिळ्यांची छपाई आहे, पानावर उलट्या बाजूने बोट फिरवलं तर अक्षर लागतं.

कागदी_होडी | २० नोव्हेंबर २०१४

कागदाचा विषय निघालाय म्हणून लिहिते, माझं कामच जुने कागद दुरुस्त करायचं आहे.

ऋतुजा, तुला जोडापाशी रंग फिका दिसला त्याचं कारण सांगते. हातकागद बनवल्यावर त्याला सरसासारख्या चिकट द्रवाचा हात देतात, साइझिंग म्हणतात त्याला, त्यामुळे रंग वर बसतो, आत झिरपत नाही. कापडाच्या पट्टीला ते नसतं, ती पाणी पिते, रंग आत जातो आणि वरून फिका दिसतो. पाँडिचेरीला अरविंद आश्रमाचा हातकागदाचा कारखाना आहे, सुती चिंध्यांच्या लगद्याचा कागद, लाकडाचा नाही, म्हणून पिवळा पडून तुटत नाही. फुगीर कड म्हणतेस ती साच्याच्या चौकटीखाली लगदा पसरतो त्याची. बाकी शत्रू उजेड. कागदावरच्या कामांना साधारण ५० लक्सच्या (लक्स हे उजेडाचं माप) आतच ठेवतात, म्हणून अशा दालनात शिरल्यावर आधी अंधार वाटतो, डोळ्यांना दोन मिनिटं द्या.

आणि पुणेकरांनो, आपल्याकडे शिवाजीनगरला हातकागद संस्था आहे १९४० पासूनची! लगद्यातून साचा कसा उचलतात ते जाऊन बघा. तो उचलण्याचा हिसका, लगदा चारही बाजूंना सारखा बसावा म्हणून मनगटाला दिलेला झटका, हा शिकायला वर्षं जातात. तर नावं लावायची म्हटलं की मी कागद करणाऱ्यापासून सुरू करीन.

कोकणी_मुंगूस | २० नोव्हेंबर २०१४

होडीताई, मग चित्राएवढी पाटी लागेल शेजारी. पण हरकत नाही, सिनेमाच्या शेवटी चहावाल्याचंही नाव येतं आणि आपण थिएटरमधून उठून जातो, ते बसून वाचायला पाहिजे.

डहाणूची_अबोली | २२ नोव्हेंबर २०१४

मी डहाणू तालुक्यातल्या गंजाडच्या जवळची. आमच्या जिव्या सोमा मशे बाबांचं नाव सगळ्यांनी ऐकलं असेल, २०११ला पद्मश्री मिळाली. वारली चित्रं आमच्याकडे लग्नाच्या वेळी सवाष्णी काढत आल्या, तांदळाच्या पिठाने, चौक लिहायचा म्हणतात. बाबांनी ती कागदावर आणि कापडावर आणली, रोज काढली. १९८९ला पॅरिसच्या पाँपिदू सेंटरच्या मोठ्या प्रदर्शनात त्यांची चित्रं होती.

मला सांगायचंय ते २००३चं. जर्मनीत ड्युसेलडॉर्फला रिचर्ड लाँग या मोठ्या ब्रिटिश कलाकाराबरोबर त्यांचं प्रदर्शन झालं. प्रदर्शनाच्या नावातच दोघांची नावं, रिचर्ड लाँग – जिव्या सोमा मशे. एकाच्या हाताखाली दुसरा असं नाही. म्हणजे होऊ शकतं! इच्छा असली की होतं. आणि तरी आजही बाजारात कुर्त्यावर, कपबशीवर वारली छापतात त्यावर कुणाचं नाव असतं का? परक्या चित्रकाराला विचारताना आपण आपल्या घरातही विचारायला हवं.

ऋतुजा_एडिसन | २२ नोव्हेंबर २०१४

अबोली, अगदी मनापासून आभार. माझा प्रश्न क्लेमेन्तेपुरता होता, तू तो दारात आणून ठेवलास.

मेघदूत | ४ जानेवारी २०१५

धागा वर काढतोय. सुट्टीत कोचीला बिएनालेला, म्हणजे दर दोन वर्षांनी भरणाऱ्या कलाप्रदर्शनाला, गेलो होतो. यंदाचा क्युरेटर आपला मुंबईचा जितीश कल्लाट. तिथे क्लेमेन्तेचा 'पेपर टेंट' आहे, म्हणजे मिऱ्याचा तंबू. आत शिरायचं आणि चारही बाजूंनी रंगवलेल्या भिंती, डोक्यावर छत, बाहेर समुद्राचा दमट वारा, त्यात ते कापड हलतं आणि चित्रातली माणसं हलतात. ज्या किनाऱ्यावर मिऱ्यांसाठी अख्खं युरोप गलबतं घेऊन आलं तिथेच हा तंबू ठोकणं मला फार जुळून आलेलं वाटलं. २९ मार्चपर्यंत आहे, जमल्यास जाच.

सुईदोरा | ९ ऑगस्ट २०१५

मॅसॅच्युसेट्समध्ये मास मोका नावाचं म्युझियम आहे, जुन्या गिरणीच्या आवारात. तिथे जूनपासून क्लेमेन्तेचे सगळे सहा तंबू एकत्र लागलेत, 'एन्कॅम्पमेंट'. फुटबॉलच्या मैदानाएवढं दालन. तंबू जोधपूरच्या कारागिरांबरोबर केलेत, बाहेरून ठशांची छपाई आणि भरतकाम, आत टेम्पेरा नावाच्या जुन्या पद्धतीच्या रंगांतली चित्रं. एक देवदूतांचा तंबू, एक सैतानाचा, एक चक्क म्युझियमचा, आत भिंतभर फ्रेमा रंगवलेल्या.

सगळे आत जाऊन माना वर करून चित्रं बघत होते, मी बाहेरून फिरत होते. ठसा पुढच्या ठशाला जिथे भिडतो तिथे किंचित गडद रेघ उमटते, केसाएवढी. छपाईवाला तिथे हात हलका करतो, तर ती पुसट होते. एवढ्या कापडावर ती रेघ शोधावी लागली मला! ते हात फार तयारीचे आहेत. या हातांना नाव पाहिजे, आता मी पंतांशी भांडायला तयार आहे.

पंत | १० ऑगस्ट २०१५

भांडू नका, मी केव्हाच तुमच्यात आलोय. फक्त एक अट, नाव लावताना काम काय केलं तेही लिहा, अकबराच्या कारकुनासारखं. 'रचना अमुक, रंग तमुक, ठसे तमुक'. नुसती आभाराची ओळ नको, तिला काही अर्थ नाही.

गिरगाव७२ | १० ऑगस्ट २०१५

पंत, यावर माझी सही घ्या.

नवखा | १२ ऑक्टोबर २०२४

नमस्कार, जुना धागा वर आणतोय. रुबिन म्युझियमची १७व्या रस्त्यावरची इमारत ६ ऑक्टोबरला कायमची बंद झाली. संग्रह आहे, पण यापुढे तो स्वतःच्या इमारतीशिवाय, ठिकठिकाणी फिरता राहणार म्हणे. तेव्हा या धाग्यामुळे मुलीला घेऊन गेलो होतो, आधी एकटा बघून आलो आणि मगच नेलं. ती आता अमेरिकेतच आर्ट स्कूलला आहे, प्रिंटमेकिंग करते. तिला हा धागा वाचायला दिला तर तिने सांगितलं की तिच्या विषयात छापणाऱ्या कारागिराचा शिक्का चित्राच्या कोपऱ्यात उठवतात, कोरा, शाईशिवाय दाबलेला, चित्रकाराच्या सहीशेजारी. चॉप म्हणतात त्याला. म्हणजे एका विषयात ही पद्धत सुरळीत चालू आहे.

ऋतुजा_एडिसन | १३ ऑक्टोबर २०२४

बंद झाल्याचं वाचून फार वाईट वाटलं, किती शुक्रवार गेलेत तिथे.

मुलीला शाबासकी सांगा, आणि चॉपचं तर मला माहीतच नव्हतं! दहा वर्षांत माझं मत बदललेलं नाही, पक्कं झालंय. क्लेमेन्ते मला मोठा चित्रकार वाटतो, तेव्हाही वाटला, आणि ज्या कापडाच्या पट्ट्यांवर, ज्या ठशांवर त्याची चित्रं उभी आहेत ते करणारेही त्याच भिंतीवर नावानिशी असले तर त्याचं काही कमी होत नाही. बोएत्तीच्या समुद्राचा गुलाबी रंग ज्या बाईने निवडला तिचं नाव मला आजही हवंय.

अण्णा, काकांवरचा धागा अजून आलेला नाही. वाट बघतेय.

गिरगाव७२ | १३ ऑक्टोबर २०२४

लिहायला घेतलाय. काकांच्या शेडमधले दोघे जण अजून आहेत, एक बदलापूरला, एक साताऱ्याकडे गावी. त्यांच्याकडे जाऊन कोण काय करायचं ते आधी नीट विचारून येतो, अक्षरं कुणाची, आभाळं कुणाची. मग टाकतो.